लुआरकाठचं फ्रेंच घर: माळ्यावरच्या वस्तू, ताटातले पदार्थ

लुआरकाठची (धागाकर्ती)

ओर्लेआंला येऊन नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात मावसबहीण पुण्याहून आली होती. चार दिवस राहिल्यावर तिनं विचारलं, "अगं, फ्रान्समध्ये राहतेस आणि घरात फ्रेंच असं काहीच कसं नाही?" तिच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला कळलं. पांढरा रंग देऊन मुद्दाम खरवडलेलं कपाट, आयफेल टॉवरचं चित्र, लव्हेंडरची जुडी. त्या वेळी आम्ही ज्या ग्लासांतून पाणी पीत होतो, ज्या ताटलीत जेवत होतो आणि सॅलडवर जे व्हिनेगर घातलं होतं, ते सगळं याच लुआरे जिल्ह्यात बनलेलं होतं. तिला ते सांगायला बसले आणि रात्रीचा एक वाजला. इथेही फ्रेंच राहणीची आवड असणारे बरेच आहेत, म्हणून हा धागा.

ग्लासापासून सुरुवात करते. ओर्लेआंच्या पश्चिमेला लागूनच ला शापेल-सँ-मेमँ नावाचं गाव आहे. तिथे द्युरालेक्सचा काचकारखाना आहे. १९४५ साली हे नाव बाजारात आलं. काच भट्टीतून काढून, घडवून, लगेच थंड हवेच्या झोतानं एकदम निववायची. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागून, आणि त्या ताणामुळे ग्लास साध्या काचेपेक्षा कितीतरी कणखर होतो. फुटलाच तर धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात. त्यांचा १९५४ सालचा 'पिकार्दी' ग्लास तुम्ही नक्की पाहिला असेल. वर रुंद, खाली निमुळता, अंगाला पैलू. आपल्या कटिंग चहाच्या ग्लासाची थोरली बहीण म्हणावी असा.

इथे शाळेच्या कँटीनमध्ये वर्षानुवर्षं हेच ग्लास. तळाला साच्याचा आकडा असतो. पाणी पिऊन झालं की मुलं ग्लास डोळ्यांशी धरून तो आकडा वाचतात, आणि ज्याचा जो आकडा ते त्याचं त्या दिवसापुरतं वय. सर्वांत लहान निघालेल्यानं पाण्याचा जग भरून आणायचा. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात पन्नाशीची माणसं आजही ग्लास हातात आला की नकळत तळ बघतात. तो कारखाना अडचणीत आला तेव्हा सगळं गाव हळहळलं. २०२४ च्या जुलैत कोर्टानं तो कामगारांच्याच सहकारी संस्थेच्या हाती दिला. सव्वादोनशेच्या आसपास माणसं. तेव्हापासून मी भेट म्हणून दुसरं काही देत नाही.

दुसरी गोष्ट, या वस्तू मी दुकानातून फारशा घेत नाही. ओर्लेआंत शनिवारी सकाळी जुन्या सामानाचा बाजार भरतो, त्याला ब्रोकांत म्हणतात. तिथे व्यापारी असतात. गावोगावी रविवारी भरतो तो वेगळा, विद-ग्रेनिए. शब्दशः 'माळा रिकामा करणे'. घरोघरची माणसं रस्त्यावर टेबलं मांडून बसतात. सामान्य माणसाला वर्षातून दोनदाच असं विकायची परवानगी आहे आणि तेही स्वतःचं वापरलेलं सामान. म्हणून तिथे खरोखर घरातलं निघतं. एक युरोत चार ग्लास, दोन युरोत कॉफीचा बिनकानाचा बोल म्हणजे वाडगा, टवके उडालेली एनॅमलची किटली. सकाळी सातच्या आत पोचावं लागतं, नऊनंतर उरतात त्या प्लास्टिकच्या बाहुल्या.

बिनकानाच्या बोलबद्दल सांगायलाच हवं. सकाळची दुधाळ कॉफी कपात न घेता या बोलात घेतात, दोन्ही हातांनी धरून. पावाचा लांबट काप, त्यावर लोणी नाहीतर मुरंबा, आणि तो सरळ कॉफीत बुडवायचा. वर लोण्याचे गोल थेंब तरंगतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशी पार आहेत, त्यांच्याकडे मी हे पहिल्यांदा पाहिलं. पाव ताटलीत ठेवत नाहीत, थेट टेबलावर, मेजकापडावर. खाऊन झालं की चुरा हातानं गोळा करून खिडकीबाहेर चिमण्यांना. त्यांच्या घरात एकही वस्तू शोकेसमध्ये नाही, आणि त्या घराइतकं सुंदर घर मी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे अशा वस्तू असतील, खाण्याचे प्रयोग केले असतील, तर इथे लिहा.

डोंबिवलीची_ऋता

ताई, किती छान लिहिलंयस! मी आत्ताच नव्या घराचं काम काढलंय आणि मला फ्रेंच पद्धतीचं घर हवंच आहे. एका इंटिरियरवाल्यांनी 'फ्रेंच कंट्री' म्हणून जे दाखवलं ते म्हणजे प्लायवर पांढरा रंग, वर खरवडणं, आणि भिंतीला पॅरिसचा फोटो असलेला वॉलपेपर. साडेचार लाख सांगितले. मन काही तयार होईना. दोन खोल्यांच्या घरात नेमकं काय करावं?

लुआरकाठची

ऋता, ते साडेचार लाख वाचव. खरवडलेला रंग सुंदर दिसतो तो त्या कपाटाला ऐंशी वर्षं हात लागलेले असतात म्हणून. कडी जिथे धरतात तिथेच रंग गेलेला असतो, बाकी तसाच. सगळीकडे सारखा खरवडला की डोळ्याला खोटं कळतं.

इथल्या जुन्या घरांत जमीन तोमेतची असते. षटकोनी भाजलेल्या मातीच्या लाल फरशा, जवसाचं तेल पाजून मेणानं घासलेल्या. कोकणातल्या लाल कोब्यावर अनवाणी चालली असशील तर पायाला तोच स्पर्श आठवेल. भिंती चुन्याच्या, किंचित पिवळसर. खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा. उन्हाळ्यात दुपारी झडपा मिटून घर गार ठेवायचं, संध्याकाळी उघडायचं. म्हणजे फ्रेंच दिसावं म्हणून कुणी काही केलेलं नाही, ऊन-थंडीला आणि हाताशी असलेल्या मातीला धरून सगळं झालंय. तुझ्याकडे जुनं सागवानी टेबल असेल तर ते घासून घे, पॉलिशऐवजी मेण लाव, आणि त्यावर रोज जेव. एक चांगलं सुती मेजकापड घे. सुरुवातीला तेवढं पुष्कळ आहे.

रेवा_ठसेवाली

मेजकापडाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. मी कापडावर ठसे छापण्याचं काम करते, आणि फ्रान्सच्या छापील कापडाची गोष्ट ही मला माझ्या घरची गोष्ट वाटते.

सतराव्या शतकात आपल्याकडचं रंगीत सुती कापड फ्रान्समध्ये पोचलं आणि लोक त्यावर तुटून पडले. धुतलं तरी रंग न जाणारं असं छापील सुती कापड त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्याला नावच पडलं 'अँदिएन', म्हणजे हिंदुस्थानी. आपण ज्याला चीट म्हणतो, चिटाचं परकर-पोलकं, तोच शब्द त्यांच्या जुन्या कागदांत 'शीत' असा सापडतो. रेशीम आणि लोकरवाले बुडायला लागले म्हणून १६८६ मध्ये राजानं हे कापड आणायला आणि छापायलाही बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. त्र्याहत्तर वर्षं! आणि एवढी वर्षं ते चोरून येतच राहिलं.

बंदी उठल्यावर लगेच, १७६० मध्ये, ओबेरकांफ नावाच्या तरुण छपाईकारानं पॅरिस-व्हर्सायजवळ झुई गावात कारखाना काढला. बिएव्र नदीचं पाणी आणि कापड वाळवायला मोठी कुरणं, म्हणून ती जागा. आज 'त्वाल द झुई' म्हटलं की पांढऱ्यावर एकाच रंगात मेंढपाळ, झोपाळे, पडके खांब असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे, १७७० पासून. पत्र्यावर रेघ इतकी बारीक येते की झाडाचं पानन् पान दिसतं, पण रंग एकच. त्या कारखान्याचं बहुतेक काम मात्र लाकडी ठशांचं होतं, फुलाफुलांचं, आपल्या चिटासारखं. १७८३ मध्ये चित्रकार ह्युए यानं कारखान्याचंच चित्र कापडावर काढलं: धुणारे, ठसे मारणारे, कुरणावर पसरलेली ठाणं. मी ते वाढवून वाढवून बघते. ठसा मारणाऱ्याचा हात जसा वर उचललेला आहे तस्साच माझा असतो.

गंमत पुढेच आहे. ठशानं छापतात तो रंग नसतोच. तुरटीचं किंवा लोखंडाचं पाणी डिंकात घट्ट करून छापायचं. मग अख्खं कापड मंजिष्ठेत उकळायचं. तुरटी जिथे, तिथे लाल. लोखंड जिथे, तिथे काळं-जांभळं. उरलेला गुलाबी डाग उन्हात, गवतावर पसरून उडवायचा. हे फ्रेंचांना कळावं म्हणून कर्दू नावाच्या जेझुइट पाद्र्यानं १७४२ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या कारागिरांकडून विचारून सगळी कृती पत्रात लिहून पाठवली. त्यात कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं असं लिहिलंय. दुधातल्या स्निग्धपणानं तुरटीचं पाणी पसरत नाही, रेघ जागच्या जागी राहते. मी आजही हिरडा वापरते. दुधाचा प्रयोगही केला, रेघ खरंच ठाम येते, पण कापडाला वास राहतो आणि दोनदा जास्त धुवावं लागतं.

म्हणून ऋता, मेजकापड घ्यायचं तर हातछापाचं घे. त्वाल द झुईच्या नावानं डिजिटल छापलेलं पॉलिस्टर घेऊ नकोस. मंजिष्ठेचा लाल धुण्यागणिक मऊ होत जातो, ते पॉलिस्टरला जमणार नाही.

लुआरकाठची

रेवा, डोळ्यांत पाणी आणलंस. झुईला या कापडाचं संग्रहालय आहे. मी दोनदा गेले आणि हिरडा-दुधाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी त्या जुन्या ठशांसमोर उभी राहीन तेव्हा तुझा उचललेला हात आठवेल.

पेठकर_काका

धागा आवडला. एक शंका आहे. हे सगळं मुळात श्रीमंतांचं नाही का? ओर्लेआं-झुई ऐकायला छान, पण आपल्या मध्यमवर्गीयांना फ्रेंच म्हटलं की महाग एवढंच माहीत.

लुआरकाठची

काका, तुमची शंका रास्त आहे, कारण आपल्यापर्यंत पॅरिसची अत्तरं आणि पिशव्याच पोचल्या. मी लिहितेय ते साध्या घरांचं. उदाहरण म्हणून तोर्शों घ्या, म्हणजे भांडी पुसायचं फडकं. जाड, जवसाच्या धाग्याचं नाहीतर जवस-कापूस मिश्र, कडेला लाल पट्टी. जुनं असलं की कोपऱ्यात लाल धाग्यानं फुलीच्या टाक्यात दोन अक्षरं भरलेली असतात. मुली लहानपणापासून स्वतःच्या लग्नाचं कापड शिवून ठेवायच्या: चादरी, रुमाल, फडकी. त्यावर आद्याक्षरं आणि पुष्कळदा क्रमांकही. कपाटात क्रमानं रचून पाळीपाळीनं वापरायची, म्हणजे सगळी सारखी झिजतात.

खालच्या आजींनी मला असं एक फडकं दिलं, त्यांच्या आईचं. मी ते जपून ठेवलं होतं. महिनाभरानं त्यांनी विचारलं, "वापरतेस ना?" मी म्हटलं, खराब होईल. त्या म्हणाल्या, हे शंभर वर्षं उकळलंय, तुझ्याच्यानं काय खराब होणार? तेव्हापासून रोज हातात असतं. जवसाचं कापड जितकं जुनं तितकं पाणी जास्त ओढतं, ग्लासावर एक तंतू मागे राहत नाही.

सुमतीकाकू

अक्षरं भरायचं वाचलं आणि आईची ट्रंक आठवली. कापडावर नाही, पण भांड्यांवर आपल्याकडे नावं घालतच होते की. माझ्याकडे पितळी डबा आहे, त्यावर ठोकून लिहिलंय आजीचं माहेरचं नाव आणि 'लग्नप्रीत्यर्थ मामाकडून', खाली तारीख. भांडीवाल्याच्या दुकानाबाहेर छिन्नी घेऊन नाव घालणारा बसायचा, अक्षराला पैसे घ्यायचा. त्या डब्यात मी अजून पोहे ठेवते.

इंदूरचा_मकरंद

श्रीमंतांचा विषय काकांनी काढलाच आहे, तर आमच्या इंदूरचं लिहितो, कारण मराठी घराण्याचं आणि फ्रेंच सजावटीचं एवढं घट्ट नातं दुसरीकडे नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग महाल उभारला. वास्तुकार जर्मन, एकार्ट मुथेसियुस. आतलं पुष्कळ सामान मात्र पॅरिसच्या कारागिरांकडून. रुलमानचं लिहायचं टेबल, प्युइफोर्काची चांदीची भांडी, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्वा ब्रुन्सचे गालिचे. नक्षी अशी नाहीच, नुसती रेघ आणि लाकूड, धातू, काच. तेव्हा महाराज विशी-पंचविशीतले. १९८० मध्ये हे सामान मोनाकोला लिलावात गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कलेच्या संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. महालात आता केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. मी लहानपणापासून त्या रस्त्यानं जातो, आणि आतल्या एका खुर्चीवरही इंदूरच्या माणसाला बसायला मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेठकर_काका

मकरंद, हे ठाऊक नव्हतं. आभार. लुआरकाठची, तुमचं फडक्याचं पटलं. आता खाण्याचं लिहा. व्हिनेगर म्हणालात ते काय प्रकरण?

लुआरकाठची

काका, ते माझं सगळ्यांत लाडकं.

लुआर नदीतून वाईनची पिंपं होड्यांनी यायची. पॅरिसला सर्वांत जवळ येणारं वळण ओर्लेआंचं, म्हणून इथे माल उतरवून पुढे गाडीनं. वाटेत जी वाईन आंबून जायची ती पुढे कोण नेणार? तिचं इथेच व्हिनेगर व्हायचं. शब्दच तसा आहे, 'वँ-एग्र', आंबट वाईन. १३९४ मध्ये व्हिनेगरवाल्यांचा रीतसर संघ झाला. १८६७ मध्ये पाश्चर इथे येऊन व्हिनेगरवाल्यांसमोर बोलला आणि आंबणं ही जिवंत जंतूंची करणी आहे ते समजावून गेला.

जुनी पद्धत अशी. आडवं लाकडी पिंप, अर्धवट भरलेलं, हवा लागायला भोकं. वाईनवर एक पातळ साय धरते, तिला इथे व्हिनेगरची 'आई' म्हणतात. आपण विरजण म्हणतो ते. तयार झालेलं थोडं काढायचं, तेवढीच नवी वाईन आत सोडायची, सायीला धक्का न लावता. घाई केलेली चालत नाही. १७९७ पासूनचं मार्तँ-पूरे हे घराणं आजही असं बनवतं. चव तिखट-जहाल नसते. आधी नाकाला वाईन कळते, मग जिभेला आंबट.

रोजची कृती: बोलमध्ये मोहरीची पेस्ट अर्धा चमचा, मीठ, एक चमचा व्हिनेगर. मीठ आधी विरघळू द्या, तेलात ते विरघळत नाही. मग तीन चमचे तेल, थोडं थोडं, ढवळत. हिरवी पानं अगदी वाढायच्या वेळी त्यात कालवायची. सॅलड मुख्य जेवणानंतर येतं, चीजच्या आधी, त्याच ताटलीत. ताटलीतला उरलेला रस्सा पावानं पुसून ती चकचकीत केलेली असते. आमची ताटली झियँची. १८२१ मध्ये निघालेला मातीकामाचा कारखाना, ओर्लेआंच्या वरच्या अंगाला नदीकाठीच. पॅरिस मेट्रोच्या कितीतरी स्टेशनांतल्या पांढऱ्या फरशाही त्यांच्याच.

डोंबिवलीची_ऋता

ताई, गोड काहीतरी सांग ना. ओव्हन आहे, पण साधा.

लुआरकाठची

मग तार्त तातँ. ओर्लेआंच्या दक्षिणेला सोलोन्यचं जंगल आहे, त्यात लामोत-ब्योव्रों गाव. स्टेशनासमोर तातँ बहिणींचं हॉटेल होतं, स्तेफानी आणि कारोलीन. त्यांची ही उलटी सफरचंदाची तार्त. हॉटेल अजून उभं आहे. चुकून उलटी झाली म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. इतकी नेमकी गोष्ट चुकून होत नाही.

बिडाचा खोलगट तवा घे, लाकडी मूठ नसलेला. १०० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम साखर तव्यातच. दीड किलो सफरचंद सोलून, चार फोडी करून, उभ्या आणि खेटून लाव. शिजल्यावर आक्रसतात, म्हणून आत्ता वाटतं त्याहून जास्त कोंब. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, कडेनं गर्द तांबूस पाक बुडबुडेपर्यंत. फिका राहिला तर नुसतं गोड लागेल, किंचित कडवटपणा यायला हवा. वरून २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, चिमूट मीठ आणि लागेल तेवढंच गार पाणी यांची पोळी लाटून, कडा आत खोचून, २०० अंशांवर अर्धा तास. बाहेर काढून दहा मिनिटं थांब आणि उलटी कर. सफरचंद मात्र लाल डेलिशस नको, त्याचा गाळ होतो. गोल्डन चांगलं, त्यात दोन हिरवी आंबट घाल. वर आईस्क्रीम घालू नकोस, कोमट खा.

डोंबिवलीची_ऋता

रविवारी केली! किन्नौरचं गोल्डन मिळालं. पाक मी भीत भीत लवकर उतरवला, त्यामुळे रंग तुमच्या वर्णनाइतका गर्द नाही आला. आणि उलटी करताना तीन फोडी तव्यालाच चिकटून राहिल्या. त्या चमच्यानं काढून जागच्या जागी बसवल्या. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली. पण चिकटल्या का?

लुआरकाठची

दहाऐवजी वीस मिनिटं थांबली असशील, पाक तव्यावर गोठला. असं झालं तर उलटण्याआधी तवा मिनिटभर बारीक आचेवर ठेव आणि हलकेच गोल हलव. सगळी तार्त एकदम सरकली की समजायचं सुटली, मग ताटली वर धरून न थांबता उलटायची. मीही अशाच चमच्यानं बसवल्या आहेत, आणि खालच्या आजीही तेच करतात.